रूआंचे बारा दिवस

सीतादहीची पूजा झाली की आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू होते. शेताच्या कोपऱ्यात खडे मांडायचे, त्यांना हळदीकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग बाया ओटीला फडकं बांधून पहिल्या तासाला, म्हणजे ओळीला, लागतात. सकाळी बोंडांवर दव असतं, म्हणून ऊन अंगावर आल्याशिवाय कोणी वेचायला हात लावत नाही. माझी ऐंशी उलटली. सरकी काढायच्या जिनाशी असलेला संबंध सुटूनही बरीच वर्षं झाली. तरी खामगावच्या रस्त्याने कापसाची पहिली गाडी गेली की मी मागे चालत जातो. रस्त्याकडेच्या बाभळींना पुंजके अडकून राहिलेले असतात. एक काढतो, दोन्ही अंगठ्यांत धरतो, ओढतो, आणि तार किती लांब निघते ते बघतो. काही कारण नसतं. बोटांना सवय आहे.

त्या पुंजक्याचा वास मात्र मला जिनात नेत नाही. ऊन लागलेल्या कापसाचा, थोडा सरकीचा, थोडा धुळीचा वास आला की मला फ्रान्समधलं रूआं नावाचं शहर दिसतं. तिथे मी आयुष्यात एकदाच गेलो, बारा दिवसांसाठी. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या गल्लीत तोवर मुंबईच्या पलीकडे कोणी गेलेलं नव्हतं.

मी कापसाचा पारखी. आमच्या शेठजींच्या जिनात माल उतरला की प्रत्येक गाडीतून मूठभर कापूस माझ्या टेबलावर यायचा आणि मी त्याचा दर्जा ठरवायचो. शेठजींचा आखूड धाग्याचा माल मुंबईच्या दलालामार्फत रूआंच्या एका गिरणीत जात असे. तिकडून पत्र आलं, की तुमचा पारखी काही दिवस पाठवा, आम्हाला नेमका कसा माल लागतो ते त्याला टेबलावर दाखवू. शेठजींनी माझं नाव घातलं. पासपोर्ट हातात पडायला आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांत माझ्या बायकोने, गोदाने, ही बातमी गल्लीत, विहिरीवर, बाजारात सगळीकडे पोचवली. शहराचं नाव तिला जमेना. ती ‘रुवा’ म्हणायची. रुईचं, म्हणजे कापसाचं, गाव म्हणून रुवा, असा अर्थही तिने लावून टाकला होता. मी दुरुस्त करायला गेलो की म्हणायची, तुम्ही जाऊन या, मग सांगा खरं नाव काय ते.

भाद्रपदात तिला कावीळ झाली. पहिले आठ दिवस झाडपाल्यात गेले. मग डोळे हळदीसारखे झाले. अकोल्याला न्यायचं ठरलं, मोटार सांगून ठेवली, आणि ज्या दिवशी निघायचं त्या पहाटे ती गेली. मी अग्नी दिला. डोकं भादरलं. तेरावं झालं. माणसं येत होती, बसत होती, उठून जात होती. मी त्यांना पाणी देत होतो. मला रडू येत नव्हतं. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. तो धीर नव्हता. हात बधिर झाल्यावर त्यावर चिमटा काढला तर चिमटा दिसतो, कळत नाही. मी सगळा तसा झालो होतो.

तिकीट तेराव्यानंतर नवव्या दिवसाचं होतं. नको म्हणायलाही काही वाटावं लागतं. मला काही वाटत नव्हतं, म्हणून मी नको म्हटलं नाही. शेठजी म्हणाले, जरा मन रमेल. सासूबाई वरवट बकालहून आलेल्या होत्या. त्यांनी आमच्या विमलचे कपडे एका पिशवीत भरले आणि म्हणाल्या, पोर माझ्याजवळ राहील, तुम्ही जाऊन या. विमल तेव्हा चौथीत होती. वरवटच्या मोटारीत ती खिडकीशी बसली. मी खाली उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही तिला हाक मारली नाही. गाडी गेल्यावर मी घरी येऊन बॅग भरली.

पॅरिसहून आगगाडीने रूआंला पोचलो तेव्हा बारीक पाऊस होता आणि नदीच्या दोन्ही काठांना सफरचंदाची झाडं फळांनी वाकलेली होती. स्टेशनवर मोरेल नवरा-बायको न्यायला आले होते. मोरेल साठीचे, गिरणीचे पारखी. त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट यंत्राने अर्धं नेलेलं. त्यांना फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं. मादाम मोरेल लग्नाआधी इंग्लंडमध्ये एका हॉटेलात कामाला होत्या, त्यांना इंग्रजी येत होतं. माझं इंग्रजी मॅट्रिकचं. दोघांचंही मोडकं होतं, त्यामुळे एकमेकांना बरं समजायचं. माझी उतरण्याची सोय त्यांच्याच घरी, जुन्या रंगाऱ्यांच्या गल्लीत. लाकडी चौकटीची उंच घरं, प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला, त्यामुळे वर बघितलं की समोरासमोरच्या दोन घरांच्या मध्ये आभाळाची एक पट्टी तेवढी दिसायची.

त्या पहिल्या दिवशी जेवायला बसलो. मी टोपी काढली. तीन आठवड्यांचे खुंट डोक्यावर होते. मादामना वाटलं आमच्याकडची रीत असेल. त्यांनी सूप वाढलं, पाव कापला आणि सहज विचारलं, तुमच्या बायकोची तब्येत बरी आहे ना?

मी म्हटलं, हो, बरी आहे.

यात फसवायचा हेतू नव्हता. खरं सांगायला इंग्रजी शब्द होते. पण तो शब्द बोललो असतो तर त्यांनी चमचे खाली ठेवले असते, माझा हात धरला असता, आणि मग मला त्या दोन अनोळखी माणसांसमोर काहीतरी करून दाखवावं लागलं असतं. ते माझ्याजवळ नव्हतं. म्हणून ‘बरी आहे’. सूप इतकं गरम होतं, की जीभ पोळली. ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

मादामनी पुढे विचारलं, मग आता ती एकटीच आहे का? मी सांगितलं, मुलीला घेऊन माहेरी गेली आहे. इतकं सोपं होतं ते.

गिरणीत उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीखाली लांब टेबल होतं. मोरेल कापसाचा पुंजका घ्यायचे, दोन अंगठ्यांत धरून ओढायचे, उरलेले तंतू कोटाच्या काळ्या बाहीवर ठेवायचे आणि लांबी बघायचे. मी खामगावात हेच करत होतो, फक्त बाहीच्या जागी काळं फडकं. त्यांनी माझ्या अंगठ्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. मग आम्ही रोज तासन् तास न बोलता कापूस ओढत बसायचो. चांगला, वाईट, कच्चा, दव खाल्लेला, हे सगळं ते भुवयांनी सांगायचे. माझ्या अंगात त्या दिवसांत काही जिवंत असेल तर ती दहा बोटं. त्यांना ओल कळत होती, कोरडेपणा कळत होता. बाकी मी त्यांच्या मागे-मागे होतो.

दुपारी गिरणी सुटली की मादाम मला शहर दाखवायला न्यायच्या. त्यांना स्वतःच्या गावाचा फार अभिमान. महायुद्धात बॉम्ब पडून निम्मं गाव पडलं होतं आणि इतक्या वर्षांनीही दगड घडवण्याचं काम चालू होतं. मोठ्या चर्चच्या एका अंगाला परांची होती, आत छिन्नीचा आवाज. त्या चर्चचे पुढचे दोन मनोरे एकसारखे नाहीत. एका मनोऱ्याला लोण्याचा मनोरा म्हणतात. उपासाच्या दिवसांत लोणी खायची परवानगी मिळावी म्हणून पूर्वीच्या लोकांनी चर्चला दान दिलं, त्यातून तो बांधला, असं त्यांनी सांगितलं. मी वर बघितलं. आत गेलो. रंगीत काचांतून निळा उजेड फरशीवर पडला होता आणि माझे बूट निळे दिसत होते. मला तेव्हा रोहिणखेडची जुनी मशीद आठवली. गोदाच्या एका मैत्रिणीचं सासर तिथे होतं. आम्ही एकदा गेलो असताना दुपारच्या उन्हात ती मशिदीच्या दगडी भिंतीला पाठ टेकून बसली होती आणि म्हणाली होती, किती गार आहे हे. चर्चमधल्या खांबाला मी हात लावून पाहिला. गार होता. तेवढंच.

जुन्या बाजाराच्या चौकात त्यांनी मला एक फरशी दाखवली. पाचशे वर्षांपूर्वी इंग्रजांशी लढलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला तिथे जिवंत जाळलं होतं. मादाम ती हकीकत सांगत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्या लेखी ती मुलगी जणू शेजारच्या घरातली. मी फरशीकडे बघत होतो. मी स्वतः महिन्यापूर्वी लाकडं रचलेली पाहिली होती, तूप ओतलं होतं. माझ्या मनात काहीतरी यायला हवं होतं. मी वाट पाहिली. काही आलं नाही. त्याच चौकात खाणावळी होत्या, आम्ही एकीत शिरलो. मी मांस खात नव्हतो. गोदा गेल्यापासून सोडलं होतं, त्यांना मात्र नवस आहे असं सांगितलं होतं. म्हणून माझ्यासाठी आमलेट आलं, लोण्यात केलेलं, आतून ओलसर. मी एक घास घेतला आणि मादामना म्हटलं, जरा मीठ देता का.

त्या फरशीशेजारी बसून हे मीठ मागणं मला पुढे कित्येक वर्षं छळत राहिलं. तेव्हा नाही.

विमल आता अकोल्याला मुख्याध्यापिका आहे, तीही निवृत्तीला आली. ती म्हणते, बाबा, तुम्ही त्या गावाबद्दल इतकं सांगता, मग तिथे तुम्हाला काही वाटत नव्हतं हे कसं? मी म्हणतो, डोळे उघडे होते, एवढं खरं. मोरेलांच्या स्वयंपाकघरात चुलीवर टांगलेल्या तांब्याच्या सात भांड्यांची चढती ओळ मला आजही दिसते. बदामाच्या आकाराचं पांढरं चीज, त्यावर मऊ लव. पातळ कापून पिठाच्या पारीवर गोल मांडलेली सफरचंदं, कडा थोड्या करपलेल्या. सफरचंदाच्या साखरेची लांब कांडी, सोनेरी कागदात. मी सगळं खाल्लं. मादाम विचारायच्या, कसं आहे? मी म्हणायचो, फार छान. चव कुठे गेली होती कोण जाणे.

आणि रोज गोदाबद्दल एक तरी प्रश्न असायचा. त्या काळी तिकडे हिंदुस्थानी माणूस कुठे दिसत होता, त्यामुळे मादामना सगळ्याचंच कुतूहल. बायको नेसते ते लुगडं किती लांब असतं? पीठ कोण दळतं? मी सांगत गेलो. ती पहाटे उठते. ज्वारीची भाकरी थापते. कपाळावर गोंदलेलं आहे. वांगी निखाऱ्यावर भाजते, मग सोलताना बोटं पोळली की कानाच्या पाळीला लावते. सगळं वर्तमानकाळात. मला इंग्रजीत भूतकाळ येत नव्हता असं नाही. पण एकदा ‘आहे’ म्हटल्यावर पुढचं सगळं ‘आहे’च निघत गेलं, आणि त्या घरात, त्या टेबलाशी, ती खरोखर असल्यासारखी होती.

आठव्या दिवशी मादाम नासपती सोलत होत्या. त्यांनी विचारलं, तुमच्या बायकोला सगळ्यात जास्त काय खायला आवडतं?

मला माहीत नव्हतं.

बारा वर्षांचा संसार. ती वाढत होती, मी जेवत होतो. भाजीत तिखट जास्त झालं की मी सांगत होतो. ती माझ्यानंतर जेवायची आणि काय जेवायची ते मी कधी वळून बघितलं नव्हतं. मादाम सुरी थांबवून वाट बघत होत्या. मी म्हटलं, जिलेबी. मग जिलेबी म्हणजे काय ते सांगत बसलो, आंबवलेलं पीठ, पाक, गोल-गोल. त्यांना फार आवडलं ते.

त्याच दिवशी त्यांनी मला एक चित्राचं कार्ड आणून दिलं. रूआंत एका रस्त्यावर कमान आहे आणि कमानीवर मोठं सोनेरी घड्याळ, त्याला काटा एकच. त्याचं चित्र होतं. म्हणाल्या, इतके दिवस झाले, तुम्ही तिला एकही ओळ लिहिली नाही. आता इथेच बसा, लिहा, मी संध्याकाळी पोस्टात टाकते. मी त्यांच्यासमोर लिहायला बसलो. लिपी त्यांना कळणार नव्हती. मी काहीही लिहू शकलो असतो, एखादा श्लोक लिहिला असता तरी चाललं असतं. पण मी तिलाच लिहिलं. शब्द मला पाठ आहेत: ‘सौ. गोदास. मी खुशाल आहे. येथील घड्याळास एकच काटा आहे. तुला खाण्यास काय आवडते असे येथे विचारतात. मी जिलेबी सांगितले. खरे काय ते कळव.’ पत्ता वरवट बकालचा, कारण ती माहेरी आहे असं मीच सांगितलेलं होतं. मादामनी कार्ड हातातून घेतलं आणि शाई वाळावी म्हणून त्यावर फुंकर मारली.

निघताना त्यांनी गोदासाठी एक निळा रेशमी रुमाल दिला. तो मी विमानात सीटवर विसरलो. मुंबईत उतरल्यावर आठवला आणि मी परत फिरलो नाही. नंतर काही वर्षं नाताळाला त्यांचं कार्ड यायचं, दोघांच्या नावाने, आणि मी दोघांच्या नावाने उत्तर पाठवायचो. खरं मी कधी कळवलं नाही. मग कार्डं थांबली.

खामगावात परत आलो तेव्हा वेचणी भरात होती. जिनापुढे गाड्यांची रांग लागलेली. चार दिवसांनी मी वरवटला गेलो. माझ्या खिशात विमलचा शाळा सोडल्याचा दाखला होता; तोवर ती वरवटच्या शाळेत नुसती बसत होती. घरच्या लोकांचं ठरलं होतं, की विमल आता आजोळीच शिकेल, आणि माझं वर्ष सरलं की माझ्यासाठी कुठेतरी स्थळ बघतील. मला विचारलं तेव्हा मी बरं म्हटलं होतं. तेव्हा मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो.

सासूबाई मळ्यात वांगी तोडत होत्या. मला बघून त्या उठल्या नाहीत. टोपली भरेपर्यंत तोडत राहिल्या. मग पदराला हात पुसत घरी आल्या, पाणी दिलं, आणि देवळीतून ते कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. तीन दिवसांपूर्वी आलं होतं. पोस्टमन नवा होता, त्याने शाळेच्या वाटेवर विमललाच दिलं होतं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. नातीने वाचून दाखवलं होतं.

मी घड्याळाच्या चित्राकडे बघत बसलो. वाटलं, आता या ओरडतील. मेलेल्या पोरीची थट्टा केली म्हणतील. त्या समोर टेकल्या. मग म्हणाल्या, “जवाईबापू, जिलबी तिनं कधी तोंडात धरली नाही. तिले गोड चालेच नाही, लहानपणापासून. रातची शिळी भाकर, दह्यात कुस्करलेली, वर लसणाची चटणी. तेवढ्यासाठी माह्यासंगं भांडे ते.”

एवढं सांगून त्या चुलीकडे वळल्या. त्यांची पाठ हलत होती.

विमल दाराच्या आड उभी होती. किती वेळची ते माहीत नाही. तिच्या दोन वेण्या आजीने तेल लावून गच्च घातलेल्या. तिने पुढे येऊन कार्ड उचललं, उलटं केलं, माझं अक्षर माझ्यासमोर धरलं.

“आई तं नव्हती,” ती म्हणाली. “मी होती. मले काऊन नाही लिहलं?”

मी तिच्याकडे बघितलं. मला आठवतं, तिच्या फ्रॉकला एक गुंडी कमी होती. गोदा असती तर तो फ्रॉक गुंडीशिवाय अंगावर चढला नसता. महिनाभर, किंवा त्याहून जास्त, मी या पोरीकडे बघितलं नव्हतं. एका परक्या गावात मी एका बाईला गोदाच्या कानाच्या पाळीपर्यंतचं सगळं सांगितलं होतं, आणि ही इथे तसल्या फ्रॉकात शाळेला जात-येत होती. मी रडलो म्हणायला हरकत नाही, पण ते रडण्यासारखं नव्हतं, उलटी व्हावी तसं होतं. आवाज ऐकून सासूबाई चुलीपासून आल्या आणि दारातच थांबल्या. विमल जवळ आली नाही. ती कार्ड धरून तशीच उभी राहिली, माझं होईपर्यंत.

मग मी सासूबाईंना सांगितलं, की हिला मी घेऊन जातो. त्या म्हणाल्या, “पुरुष माणसानं एकट्यानं पोर कशी पाहायची?” मी म्हटलं, माहीत नाही. दाखला मी खिशातून काढलाच नाही. त्यांनी विमलची पिशवी भरली, वर दोन वांगी आणि लसणाच्या चटणीची पुडी ठेवली, आणि मोटारीपर्यंत आल्या.

वरवटहून शेगावपर्यंतचा रस्ता तेव्हा कच्चा होता. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, बाया वाकलेल्या. गाडीत धूळ येत होती. विमलने विचारलं, की एकच काटा असेल तर मिनिटं कशी समजतात. मी तिला सांगितलं, की ते घड्याळ फक्त तासच दाखवतं. मग लोण्याच्या मनोऱ्याबद्दल सांगितलं. फरशीवरच्या निळ्या उजेडाबद्दल, तांब्याच्या सात भांड्यांबद्दल, मोरेलांच्या अर्ध्या बोटाबद्दल सांगितलं. मला वाटलं होतं, की मी तिथून रिकामा आलो. ती विचारत गेली तसं एकेक निघत गेलं, आणि सांगताना मी मधूनमधून खिडकीबाहेर तोंड करत होतो. ती थांबायची. मग म्हणायची, “अजून?”

शेगावला आम्ही उतरलो. खामगावच्या गाडीला अवकाश होता. स्टँडवरच्या बाकावर पिशवी मध्ये ठेवून आम्ही दोघं बसलो.

“घरी सैपाक कोण करीन?” तिने विचारलं.

“मी.”

“येते तुमाले?”

“नाही.”

तिने थोडा विचार केला. समोर एक बाई पोराला केळं सोलून देत होती, ते बघत राहिली.

“मले भाकर थापता येते,” ती म्हणाली. “जराशी वाकडी होते.”